अनुभव आणावा कोठून?

पावसाळा तोंडावर आला, म्हणजे आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा नूर पालटतो. उन्हाळ्यातील पत्रांत मुंजी, लग्नकार्ये, प्रवास आणि मुरांबे असतात. आषाढ लागला की पुष्कळशा पत्रांत एकच मजकूर निरनिराळ्या हस्ताक्षरांत येऊ लागतो. चिरंजीव बी.एस्सी. झाले किंवा कन्या झाली, वर्ग चांगला मिळाला, पेढे वाटून झाले. आणि आता सहा महिने, कोठे वर्षही उलटून गेले, तरी नोकरीचा पत्ता नाही. जेथे जावे तेथे पहिला प्रश्न एकच, ‘अनुभव किती?’ एका मातेने तर वैतागून विचारले आहे की, अनुभव नोकरीतच मिळतो आणि नोकरी अनुभवावाचून मिळत नाही, तर तो आमच्या मुलाने आणावा तरी कोठून? वाण्याकडे सुटा मिळतो काय?

प्रश्न रास्त आहे. त्यावर ‘धीर धरा’ एवढेच उत्तर देणे म्हणजे वाचकांच्या तोंडाला पाने पुसणे होय. म्हणून आज आम्ही थोडे तपशिलात शिरणार आहोत, आणि तेही केवळ रसायनशास्त्राच्या पदवीधरापुरते. वनस्पतिशास्त्र किंवा भौतिकशास्त्र घेतलेल्यांची दुखणी निराळी आहेत. त्यांच्याविषयी पुढे केव्हातरी लिहू. आम्ही बडोदेकर, म्हणून उदाहरणे बडोद्याची घेतो. इंदूरच्या वाचकांनी तेथे पीथमपूर वाचावे, हैदराबादकरांनी जीडीमेटला आणि गोमंतकीयांनी वेर्णे. फरक फार पडणार नाही.

बडोद्याचे आणि रसायनाचे नाते जुने आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली येथे कलाभवन निघाले, त्याचे प्रमुख प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ. १९०७ साली याच गज्जरांनी, अमीन आणि आपले कोटिभास्कर यांच्यासह अलेम्बिक कारखान्याची उभारणी केली. ज्या पिढीला विद्या म्हणजे कारकुनी एवढेच ठाऊक होते, त्या पिढीत एक मराठी प्राध्यापक कारखाना काढावयास निघतो, ही गोष्ट आपल्या घरांतून जितकी सांगितली जावयास हवी तितकी सांगितली जात नाही. आपण सांगतो ती दिवाणगिरीची, खासगी खात्याची आणि हुजूर कचेरीची.

पुढे १९६२ साली गुजरात स्टेट फर्टिलायझर्स ही कंपनी स्थापन झाली, १९६५ साली कोयलीची रिफायनरी सुरू झाली, १९६९ साली इंडियन पेट्रोकेमिकल्सची स्थापना झाली. दांडिया बाजारातील व रावपुऱ्यातील वाड्यांतून त्या काळी कित्येक तरुण बी.एस्सी. होताच या कारखान्यांत दाखल झाले. कारखाने नवे होते, माणसे हवी होती आणि शिकविण्याची जबाबदारी कारखान्यांनी अंगावर घेतली होती. कंपनीची बस, कंपनीची वसाहत, निवृत्तीपर्यंतची निश्चिंती! आज घरोघरी जे काका आणि मामा ‘आमच्या वेळी एका अर्जात काम झाले’ असे सांगतात, ते खोटे बोलत नाहीत. परंतु तो काळ नव्या उभारणीचा होता. इंडियन पेट्रोकेमिकल्स ही कंपनी २००७ साली रिलायन्समध्ये विलीन झाली. आणि उभारणी संपलेल्या कारखान्यात माणूस लागतो तो बहुधा निवृत्त होणाऱ्याच्या जागी, तोही अनेकदा कंत्राटदाराच्या हातून. काकांनी आपला अर्ज आठवावा, पण पुतण्यास त्यावरून बोल लावू नये.

दुसरी एक गोष्ट अशा वेळी हमखास निघते. २००९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणारे वेंकटरामन रामकृष्णन हे आमच्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे १९७१ चे बी.एस्सी. गोष्ट खरी आहे आणि अभिमानाची आहे. पण ते पदवीनंतर संशोधनाकडे वळले आणि पदवी त्यांची भौतिकशास्त्राची होती. सकाळी नंदेसरीच्या कारखान्यात मुलाखतीस निघालेल्या मुलास ही गोष्ट सांगून त्याच्या खिशात काही पडत नाही.

आता त्या ‘अनुभव किती?’ या प्रश्नाकडे वळू. मालक तो केवळ अडवणुकीसाठी विचारतात, असा सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. औषधांच्या कारखान्यापुरते पाहिले तर ही अट कायद्यातच आहे. १९४५ च्या औषध नियमांप्रमाणे औषधनिर्मिती ही पात्र तज्ज्ञाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली चालावी लागते. हा तज्ज्ञ औषधशास्त्राचा पदवीधर असेल तर त्यास अठरा महिन्यांचा अनुभव पुरतो. रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेऊन बी.एस्सी. झालेला असेल, तर पदवीनंतर औषधनिर्मितीतील तीन वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. कारखान्यांत अशा मान्यताप्राप्त माणसास ‘अप्रूव्ह्ड केमिस्ट’ म्हणतात, आणि ज्याच्या नावावर ही मान्यता आहे त्याचा भाव निराळाच असतो. याचा अर्थ असा की, आपला बी.एस्सी. मुलगा पहिली तीन वर्षे कायद्याच्या दृष्टीने घडणीत आहे. त्या तीन वर्षांचा पगार थोडाच असतो. पण त्या तीन वर्षांची नोंद ही जन्मभराची मिळकत असते. लोक पगाराची चौकशी करतात आणि नोंदीची करीत नाहीत, हे आम्हास मोठे आश्चर्य वाटते.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील मुलाची हकीकत येथे सांगणे भाग आहे. शहराबाहेरच्या एका लहान औषध कारखान्यात तो लागला. कारखान्याचे नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण असे अनेक आहेत. काम निर्मितीखात्यातले, हुद्दा तोंडी ‘केमिस्ट’, पगार रोख पाकिटातून. नेमणूकपत्र मागितले तेव्हा शेठ म्हणाले, ‘घरचीच कंपनी आहे, कागद कशाला?’ वडिलांना ते आपलेपणाचे वाटले. तीन वर्षे मुलाने मान मोडून काम केले. गोळ्यांचे यंत्र, दाणे वाळविण्याचे यंत्र, नोंदवह्या, सारे त्याच्या हाताखालून गेले. मग मान्यतेसाठी अर्ज करावयाची वेळ आली आणि अनुभवाचा दाखला मागितला, तेव्हा कळले की, तो कारखान्याच्या पटावर नव्हताच. एका कंत्राटदाराच्या यादीत ‘मदतनीस’ म्हणून त्याचे नाव होते, तेही शेवटच्या चौदा महिन्यांपुरते. तीन वर्षांचे कौशल्य हातात, आणि कागदावर शून्य. पंचविसाव्या वर्षी त्याने दुसऱ्या कारखान्यात पहिल्यापासून आरंभ केला. आई आजही म्हणते, पगार कमी होता याचे दुःख नाही.

म्हणून पहिल्या नोकरीच्या वेळी घरच्या वडीलधाऱ्यांनी पगाराआधी कागदांची चौकशी करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. नेमणूकपत्रावर कंपनीचे नाव आहे की कंत्राटदाराचे? हुद्दा काय लिहिला आहे? खाते कोणते, निर्मितीचे की परीक्षणाचे? भविष्यनिर्वाह निधीचा बारा आकडी क्रमांक निघाला काय? वीस अथवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेस हा निधी लागू होतो, आणि त्यातील मासिक नोंद हा नोकरीचा असा पुरावा आहे की तो शेठजींच्या लहरीवर अवलंबून राहत नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात ज्या नव्या श्रमसंहिता अमलात आल्या, त्यांनी तर प्रत्येक कामगारास नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक केले आहे. मागण्यात संकोच कसला? आपल्या लोकांना मुलीच्या लग्नाची याद लिहून घेताना संकोच वाटत नाही. नोकरीचा कागद मागताना मात्र आपण एकाएकी भिडस्त होतो.

कागदाची बाजू झाली. आता हाताची.

कॉलेजात पदवीपर्यंत पोहोचलेल्या मुलास मुलाखतीत काय विचारतात, ते एका परीक्षणखात्याच्या प्रमुखांकडून आम्ही समजून घेतले. प्रश्न भयंकर नसतात. सोडियम हायड्रॉक्साइडचे ०.१ नॉर्मल द्रावण एक लिटर करावयाचे आहे, कसे कराल? मुलगा सांगतो, चार ग्रॅम वजन करून एक लिटरपर्यंत पाणी घालू. उत्तर बरोबर. पुढचा प्रश्न येतो, ते ०.१ च झाले हे कशावरून? येथे दहातले बरेचजण गप्प होतात. वास्तविक सोडियम हायड्रॉक्साइडचे दाणे तराजूत असतानाच हवेतील ओल आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात. म्हणून वजनावर विसंबून चालत नाही, पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटसारख्या स्थिर पदार्थाशी त्या द्रावणाचा ताळा घ्यावा लागतो. हे मुलाने दुसऱ्या वर्षाच्या प्रयोगशाळेत केलेले असते. केलेले म्हणजे जर्नलात लिहिलेले असते, आणि लिहिलेले म्हणजे वरच्या वर्गातील कोणाचे उतरवलेले असते. मिश्रणातील घटक वेगळे करून त्यांचे प्रमाण सांगणारे एच.पी.एल.सी. यंत्र आज औषधांच्या परीक्षणाचा कणा आहे. पुष्कळ कॉलेजांत ते काचेआड असते आणि विद्यार्थ्यांना त्याचे दर्शन होते, स्पर्श होत नाही. यात मुलांचा दोष थोडा आणि व्यवस्थेचा अधिक आहे, परंतु मुलाखत घेणारा व्यवस्थेची मुलाखत घेत नसतो.

दुसरी मोठी उणीव नोंदीची. कारखान्यात एक वाक्य भिंतीवर लिहावे इतके पाळले जाते, ‘जे लिहिले नाही, ते केले नाही.’ वजन घेतले की त्याच क्षणी आकडा वहीत. चूक झाली तर तीवर एकच रेघ, बाजूस खरा आकडा, सही व तारीख. खोडणे नाही, पांढरी शाई नाही, नंतर आठवून लिहिणे तर मुळीच नाही. औषधनिर्मितीचे सुधारित शेड्यूल एम २०२३ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाले आणि त्याने लहान कारखान्यांवरही या लिखापढीचा भार वाढविला आहे. ज्याच्या हाताला स्वच्छ, वेळच्या वेळी लिहिण्याची सवय आहे, अशा पदवीधरास त्यामुळे जागा आहे. आमच्या घरांतील मुलामुलींस शुद्धलेखनाची परंपरा आहे म्हणतात. तिचा असा रोकडा उपयोग क्वचितच सापडेल.

हात तयार करावयास मोठाच कारखाना हवा असे नाही. पाणी, दूध, खाद्यतेल, रंग, सिमेंट यांची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा प्रत्येक मोठ्या शहरात असतात, त्यांतील एन.ए.बी.एल. ची मान्यता असलेल्या ठिकाणी नोंदीची शिस्त कडक असते. तेथे सहा महिने दुधातील स्निग्धांश आणि पाण्यातील क्षार मोजलेला मुलगा मुलाखतीत गप्प बसत नाही. मात्र हा अनुभव औषधनिर्मितीच्या त्या तीन वर्षांत धरला जाणार नाही, एवढे ध्यानात ठेवून तो घ्यावा.

आणखी एक दार आहे, ज्याकडे आपली मंडळी नाके मुरडून पाहतात. ते म्हणजे शिकाऊ उमेदवारी, अप्रेंटिसशिप. कायदा १९६१ चा. २०१४ च्या दुरुस्तीने इंजिनिअरांखेरीज अन्य पदवीधरांनाही ती मोकळी झाली. २०१९ च्या नियमांनी पदवीधर उमेदवाराचे विद्यावेतन दरमहा किमान नऊ हजार रुपये ठरविले होते. रिफायनरीच्या जाहिराती निघतात त्यांत ‘अटेंडंट ऑपरेटर, केमिकल प्लँट’ असा एक प्रकार असतो. त्यास पदवी लागते बी.एस्सी. ची, विषय भौतिक, गणित आणि रसायन. वय सामान्यतः अठरा ते चोवीस. मुदत साधारण एक वर्ष. आता गंमत पाहा. हे ‘ऑपरेटर’ नाव वाचताच घरात मंडळी म्हणतात, बी.एस्सी. होऊन आमचा मुलगा ऑपरेटर होणार? मग तो मुलगा दोन वर्षे स्पर्धा परीक्षांच्या फॉर्मांत घालवितो, चोवीस उलटते आणि ते दार कायमचे बंद होते. कारखान्याच्या नियंत्रणकक्षात बसून दाब, तपमान आणि प्रवाह सांभाळणारा ऑपरेटर काय काम करतो, हे पाहण्याची तसदी कोणी घेतलेली नसते. कोटिभास्करांच्या शहरात ही स्थिती आहे!

याच संदर्भात दोन बारकावे सांगून ठेवतो, कारण ते वेळ गेल्यावर कळतात. पहिला असा की, गणित सोडून जीवशास्त्राचा गट घेतलेल्यास वरील जाहिरात लागू पडत नाही. म्हणजे हा निर्णय बावीसाव्या वर्षी नव्हे, अठराव्या वर्षीच होऊन गेलेला असतो. ज्यांच्या घरी आज बारावीचे मूल आहे, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. दुसरा बारकावा चमत्कारिक आहे. सगळे जग अनुभव मागते, पण पदवीधर शिकाऊ उमेदवारीच्या बहुतेक जाहिरातींत उलट अट असते, पदवीनंतर एक वर्ष किंवा अधिक नोकरी केलेली असेल तर उमेदवार अपात्र. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी उमेदवारी, मग नोकरी. उलटे केले तर पहिली पायरी निसटते. उमेदवारी संपल्यावर तेथेच कायम नोकरी देण्याचे बंधन मालकावर सहसा नसते, हेही गृहीत धरून चालावे. हाती राहतो तो दाखला आणि एक वर्षाचा हात.

मधल्या काळात घरात काय होते, ते आम्ही सांगावयास नको. शेजारी विचारतात, ‘सध्या काय करतो?’ आई म्हणते, ‘प्रयत्न चालू आहेत,’ आणि मुलगा दुपारी मुद्दाम बाहेर जातो. मग हा प्रश्न चुकविण्यासाठी एम.एस्सी. ला नाव घालण्याची टूम निघते. ज्यास संशोधनाची किंवा अध्यापनाची खरी आवड आहे त्याने एम.एस्सी. अवश्य करावे, परंतु शेजाऱ्यांस उत्तर हवे म्हणून दोन वर्षांची फी भरणे हा महागडा सौदा आहे. दोन वर्षांनी मुलाखतीत तोच सोडियम हायड्रॉक्साइडचा प्रश्न येतो, आणि शिवाय ‘एम.एस्सी. ला या पगारात परवडेल का?’ अशी पुस्ती जोडली जाते. वडिलांनी निवृत्तीच्या ठेवीला हात लावण्यापूर्वी मुलाशी एकदा मोकळेपणी बसावे, आणि त्या बैठकीत काकामामांना बोलावू नये.

नोकरी लावून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणारे दलाल प्रत्येक शहरात आहेत, यावर फार लिहीत नाही. जो नोकरी देतो तो पैसे मागत नाही. मूळ गुणपत्रिका आणि पदवीपत्र कोणाही मालकाच्या कपाटात ठेवू नये. दाखवावे, प्रत द्यावी, परत आणावे.

‘येथे जमत नसेल तर पुण्यास पाठवा’ हा सल्लाही नेहमीचा. खासगी कारखान्यांच्या बाबतीत त्यात वावगे नाही. तारापूर, महाड, लोटे येथे रसायनाचे मोठे काम चालते आणि वापीपर्यंत गेलेल्यास तारापूर लांब नाही. पण महाराष्ट्र सरकारच्या नोकरभरतीत मराठी आडनाव पुरत नाही, तेथे अधिवासाचा दाखला लागतो, आणि आपल्या मुलांचा अधिवास गुजरातचा, मध्य प्रदेशाचा किंवा तेलंगणाचा असतो. सीमाभागातील ८६५ गावांच्या उमेदवारांसाठी महाराष्ट्राने वेगळी सवलत ठेवली आहे. बेळगावकडील वाचकांनी आपले गाव त्या यादीत आहे का ते पाहावे. बाकीच्यांनी आपण राहतो त्या राज्याच्या भाषेत अर्ज लिहिता येईल आणि मुलाखत देता येईल इतकी तयारी ठेवावी. घरी मराठी, बाजारात गुजराती हे आपल्याला जमलेलेच आहे. कागदावरची गुजराती मात्र पुष्कळांची कच्ची राहते.

मुलींच्या आयांची पत्रे वेगळी असतात. कारखाना म्हटले की रात्रपाळी, आणि रात्रपाळी म्हटले की नकार. तेवढ्यावर विचार थांबतो. परीक्षणखात्यात केवळ दिवसाची पाळी असलेल्या जागाही असतात, कित्येक ठिकाणी त्या खात्यात मुलींची संख्या चांगली आहे, आणि कंपनीची बस शहरातील ठरलेल्या थांब्यांवरून सुटते. बस कोठून सुटते, किती वाजता परत सोडते, खात्यात आणखी किती स्त्रिया आहेत, हे तीन प्रश्न मुलीने मुलाखतीतच विचारावेत. ते विचारल्याने कोणी तिला नापास करीत नाही. वडिलांना एकदा तिच्याबरोबर फाटकापर्यंत जाऊन यावेसे वाटले, तर खुशाल जावे. आत मात्र तिला एकटीलाच जाऊ द्यावे.

आमच्या वाचकांत कारखान्यांतून आणि प्रयोगशाळांतून काम करणारे, निवृत्त झालेले, स्वतःची लहानशी प्रयोगशाळा चालविणारे असे बरेचजण आहेत, हे वर्गणीदारांच्या यादीवरून आम्हास ठाऊक आहे. त्यांपैकी जे कोणी रविवारी दोन तास देऊन चार मुलांकडून द्रावणे करवून घेण्यास, त्यांचा ताळा घेण्यास आणि वही कशी लिहावी हे दाखविण्यास तयार असतील, त्यांनी आपले गाव व सोयीची वेळ कार्यालयाच्या पत्त्यावर कळवावी. श्रावणाच्या अंकात ती यादी छापू.